बुलढाण्याच्या पांदणवाटा आणि पंक्चरचे शास्त्र

विदर्भाचे पश्चिमद्वार असलेला बुलढाणा जिल्हा आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांना ठाऊक असतो तो बाजारपेठांमुळे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा ही नावे आपल्या पेढ्यांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली आहेत. कापसाच्या व्यापारासाठी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाचा स्वतंत्र फाटा सुरू झाला; पुढे चांदीच्या कारागिरीने याच खामगावला ‘रजतनगरी’ हे नाव मिळवून दिले. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे श्री अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणारे अनेक यात्रेकरू याच जिल्ह्यातून पुढे जातात. परंतु या साऱ्यांचा प्रवास डांबरी रस्त्याने होतो. डांबर सोडून शेताशेतांमधल्या वाटांनी हा जिल्हा पाहण्याचा योग आमच्या नऊ जणांच्या दुचाकी मंडळाला गेल्या काही हिवाळ्यांत आला. त्या वाटांचे, तिथल्या काट्यांचे आणि टायरमधली हवा गेल्यावर काय करावे लागते याचे वर्णन वाचकांपुढे ठेवीत आहे. हल्ली आपल्या घरांतील अनेक तरुण अशा गाड्या घेऊ लागले आहेत. त्यांना आणि त्यांच्या काळजीत असणाऱ्या वडीलधाऱ्यांना या माहितीचा उपयोग व्हावा.

घाटाखाली आणि घाटावर

जिल्ह्यातील माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग करतात: घाटाखालचा आणि घाटावरचा. उत्तरेस जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. त्यांच्या दक्षिणेस पूर्णा नदीचे सपाट खोरे आहे. तेथील माती काळी व कसदार. मात्र बऱ्याच गावांत विहिरीचे पाणी खारे लागते, म्हणून त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही गावे घाटाखालची. तेथून अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ चढला की बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा घाटावरचा प्रदेश लागतो. पैनगंगेचा उगमही याच डोंगरांत आहे. घाटावर माती उथळ होते आणि तिच्याखालचा काळा बेसाल्ट दगड जागोजागी डोके वर काढतो.

या दोन्ही भागांना जोडणारी खरी नाडी म्हणजे पांदण रस्ते. दोन शेतांच्या बांधांमधून गेलेली, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खोल झालेली, दोन्ही बाजूंनी झुडपांनी वेढलेली ही वाट म्हणजे पांदण. पावसाळ्यात तिच्यात गुडघाभर चिखल असतो. हिवाळ्यात तोच चिखल वाळून दगडासारख्या टणक वरंब्यांचा होतो. मातीच्या रस्त्यांसाठी बनविलेल्या दुचाकींना हे वरंबे फारसे जड जात नाहीत. उंच बांधणी, लांब झटके सोसणारे शॉकअप आणि खोल नक्षीचे टायर यांमुळे त्या सहज तरून जातात. त्यांना थांबवतो तो काटा.

काट्यांची ओळख

पांदणीत काटे कुठून येतात, हे एकदा लक्षात आले की निम्मे काम होते. या भागातील शेतकरी जनावरांपासून पीक वाचवण्यासाठी बाभळीच्या फांद्या तोडून बांधावर कुंपण रचतात. सुगी सरली की ते कुंपण हलते, फांद्या ओढत नेल्या जातात आणि वाळलेले काटे वाटेत विखुरतात. बाभळीचा काटा सरळ, पांढरट व लांब असतो आणि फांदीच्या प्रत्येक पेरावर तो जोडीने उगवतो. बोरीचा काटा आखूड व वाकडा. तो टायरमध्ये शिरण्यापेक्षा कपड्यात अधिक अडकतो. जमिनीलगत पसरणारा सराटा चपलेच्या तळव्यातून सहज आरपार जातो, मात्र जाड टायरपुढे तो बहुधा हरतो. सर्वांत उपद्रवी ती वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरदेशाहून आलेली विलायती बाभूळ. ती पडीक जमीन आणि गाळपेर झपाट्याने व्यापते. तिचा काटा टायरमध्ये शिरून मोडतो आणि वरून दिसेनासा होतो.

या काट्यांचा विचार करताना आपल्या साधुसाध्वींचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. ज्या भूमीवर आमच्या रबरी टायरची ही गत होते, त्याच भूमीवरून ते अनवाणी विहार करतात. पुढच्या काही हात जमिनीवर दृष्टी ठेवून, जीवजंतू वाचवीत पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती त्यांनी आयुष्यभर पाळलेली असते. वाहनावर बसणाऱ्याला ती साधणे शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिचा काही अंश आचरणात आणता येतो. म्हणून आमच्या मंडळाने पहिल्या वर्षापासून तीन गोष्टी ठरवल्या. चातुर्मासात गाड्या मातीत न्यायच्या नाहीत, कारण तेव्हा गवत आणि ओल जीवांनी भरलेली असते. पांदणीची चाकोरी सोडून गवतात, पिकात किंवा ओढ्याच्या पात्रात गाडी घालायची नाही. आणि अंधार पडल्यावर मातीच्या वाटेने जायचे नाही.

मार्ग

गेल्या जानेवारीतील फेरीचा मार्ग खामगाव, बोथा, बुलढाणा, चिखली, मेहकर आणि लोणार असा होता. नवकारशी झाल्यावर, आठ वाजून गेल्यानंतर निघालो. खामगावहून बोथ्याकडे चढणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. बिबट्या आणि अस्वलांचे हे रान २०१९ च्या अखेरीस देशभर गाजले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ दोन राज्यांतून सुमारे तेराशे किलोमीटर चालत येथे येऊन पोचला होता. वाटेत त्याने कित्येक शेते, नद्या आणि महामार्ग ओलांडले. अभयारण्याच्या हद्दीत आम्ही डांबर सोडत नाही, भोंगा वाजवीत नाही आणि थांबतही नाही. चिखलीच्या पुढे मात्र पांदणी सुरू होतात. नव्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे त्याच्याखालील बोगद्यांतून पलीकडे जावे लागते. वरून भरधाव मोटारी धावत असतात आणि खालून बैलगाडी, शेळ्या व आमच्या गाड्या संथपणे जातात.

पहिले पंक्चर आणि दुरुस्तीचा क्रम

चिखली सोडून तासभर झाला असेल, तोच मागच्या रांगेतील एका गाडीचे पुढचे चाक डगमगू लागले. मातीत हवा गेल्याची जाणीव उशिरा होते. डांबरावर गाडी लगेच जड लागते; पांदणीत मात्र मुळातच गाडी हलत असते. म्हणून चाक विनाकारण एका बाजूला ओढले जाऊ लागले की तत्काळ वेग कमी करून थांबावे, ब्रेक एकदम दाबू नये. हवा नसलेल्या चाकावर गाडी रेटत नेली तर ट्यूब टायर आणि रिम यांच्यामध्ये चिरडली जाते. मग एका छिद्राच्या ठिकाणी अख्खी ट्यूब बदलावी लागते.

मातीच्या रस्त्यांसाठीच्या बहुतेक गाड्यांना तारांची चाके असतात आणि आत ट्यूब असते. तारेचे चाक दगडावर आदळले तरी लवचीकपणे सावरते, हा त्यामागचा हेतू आहे. त्याची किंमत पंक्चरच्या वेळी मोजावी लागते. ट्यूबलेस टायरमध्ये काटा काढून रबरी वात खुपसली की दहा मिनिटांत गाडी रस्त्याला लागते. ट्यूबसाठी मात्र चाक उतरवावे लागते. सवय असलेल्या हातांनाही चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात.

क्रम असा. गाडी सपाट जागी घ्यावी. अशा अनेक गाड्यांना मधला स्टँड नसतो, म्हणून इंजिनाखाली दगड किंवा लाकडी ओंडका देऊन चाक अधांतरी करावे आणि एकाने गाडी धरून ठेवावी. जमिनीवर एक फडके पसरावे. चाकाच्या आसाचा नट, वॉशर आणि दोन्ही बाजूंची लहान नळकांडी उतरवून त्या फडक्यावर ओळीने मांडावीत. काळ्या मातीत हरवलेले नळकांडे सापडत नाही आणि त्यावाचून चाक बसत नाही. चाक मागचे असेल तर ते किंचित पुढे ढकलून आधी चेन दातऱ्यावरून काढून घ्यावी.

नंतर व्हॉल्व्हमधील पिन काढून उरलेली हवा सोडावी आणि टायरची कड रिमपासून पायाने दाबून सोडवावी. ती हटत नसेल तर दुसऱ्या गाडीच्या बाजूच्या स्टँडखाली टायर ठेवून गाडीचा भार द्यावा. मग दोन टॉमी लावून कड बाहेर काढावी. येथे बळापेक्षा युक्ती उपयोगी पडते. ज्या बाजूला टॉमी लावली असेल, तिच्या समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवली की टायरला ढील मिळते. ती न दाबता जोर केला तर टॉमीचे टोक ट्यूबमध्ये घुसते आणि दुरुस्तीतूनच नवे पंक्चर होते.

ट्यूब बाहेर काढल्यावर हवा भरून छिद्र शोधावे. सर्वत्र ती पाण्यात बुडवण्याची रीत आहे. आमच्या मंडळातील ज्येष्ठ कापडव्यापारी, ज्यांना आम्ही सारे ‘भाऊ’ म्हणतो, ते आधी ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवतात. गालाच्या कातडीला सूक्ष्म हवाही जाणवते. न गाळलेले पाणी शक्य तितके वापरू नये, या विचाराने त्यांनी ही सवय लावून घेतली. छिद्र सापडले की पेनाने खूण करावी, पॉलिशपेपरने भोवतालचा भाग खरवडावा, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच टिकत नाही. पाच मिनिटांचा हा धीर न धरल्याने अर्ध्याहून अधिक पॅच सुटतात, असे कोणताही पंक्चरवाला सांगेल. पॅच बसल्यावर त्यावर आणि ट्यूबवर शंखजिऱ्याची पूड चोळावी, म्हणजे ती टायरला चिकटत नाही.

यानंतरचे काम बहुतेक जण विसरतात. ज्या काट्याने पंक्चर केले तो टायरमध्येच असतो. आतून फडके फिरवावे. काटा असेल तेथे ते अडकते. तो चिमट्याने काढावा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून, ती गोल ठेवून आत सारावी आणि कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने बसवायला सुरुवात करून व्हॉल्व्हजवळ संपवावी. हवा भरल्यावर टायरच्या कडेजवळची बारीक रेषा रिमभोवती सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. शेवटी चेनचा ताण पाहावा, आसाचा नट घट्ट करावा आणि ब्रेक दोनतीनदा दाबून खात्री करावी.

दुपारी मेहकरजवळ दुसरे पंक्चर झाले, तेव्हा हीच उजळणी मंडळातील दोघा धाकट्यांनी केली. बाकीच्यांनी हात बांधून पाहायचे, हा आमचा नियम आहे. नाही तर काम नेहमी त्याच दोघांच्या गळ्यात पडते.

हवेचे गणित

हवेचा शोधही रंजक आहे. रबर टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते मागे पडले. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते नव्याने बनवले आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवले. तेव्हापासून चाकाखाली खरा भार हवाच उचलत आली आहे.

मातीत उतरताना हवा थोडी कमी करतात. डांबरावर पंचवीस पौंडांच्या आसपास हवा असेल, तर पांदणीत ती अठरा ते वीसपर्यंत आणल्यास टायर पसरून जमीन धरतो. परंतु घाटावरच्या बेसाल्टवर ती याहून कमी ठेवली, की चाक दगडावर आदळताच ट्यूब दगड आणि रिम यांत चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, सापाने डसल्यासारख्या. काट्याच्या पंक्चरला इलाज असतो; असा चिमटा बसलेली ट्यूब बहुधा बदलावीच लागते. पुन्हा डांबरावर आल्यावर हवा पूर्ववत करणे तितकेच आवश्यक आहे. कमी हवेचा टायर वेगात तापतो.

सूर्यास्तापूर्वीचा तास

दिवसाची खरी कसोटी तिसऱ्या पंक्चरने लागली. मेहकर आणि लोणार यांच्यामधील एका पांदणीत, पावणेपाचच्या सुमारास एका गाडीचे मागचे चाक बसले. जवळच्या दोन्ही जादा ट्यूबा त्याआधीच्या दुरुस्त्यांत वापरून झाल्या होत्या. पॅचवाचून गत्यंतर नव्हते. जानेवारीत सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. आमच्यापैकी तिघांना चौविहार होता आणि जेवणाची सोय लोणारला केली होती.

एकाने सुचवले की तिघांनी पुढे जावे, जेवून घ्यावे, बाकीच्यांनी मागून यावे. सूचना व्यवहार्य होती आणि सद्‌भावनेने केलेली होती. भाऊंनी ती मानली नाही. ते म्हणाले, “एकाची गाडी बसली म्हणजे सगळ्यांची बसली. डबे सोडा. जेवण इथेच होईल आणि चाकही इथेच होईल.” त्यांनी स्वतः चौविहार घेतला होता, त्यामुळे त्या बोलण्याला वजन होते. थेपले, खाखरे, चटणी आणि घरून आणलेले उकळलेले पाणी बांधावर मांडले गेले. पाच जण जेवायला बसले, चौघे चाकाला लागले. वीस मिनिटांनी पाळी बदलली.

गालाशी फिरवून छिद्र सापडले, पॅच लागला. ट्यूब आत घालणार, तेवढ्यात शेजारच्या शेतातून तुरीचा भारा घेऊन निघालेला शेतकरी थांबला. त्याने टायरमधून निघालेला काटा हातात घेतला आणि म्हणाला, “थांबा भाऊ. बाभयीचा काटा एकटा नसते. दुसरा आतच असन.” त्याने घमेल्यात थोडे पाणी आणून दिले. ट्यूब फिरवता फिरवता पहिल्या छिद्रापासून दोन बोटांवर बुडबुड्यांची अगदी बारीक माळ उठली. एवढी सूक्ष्म हवा गालालाही जाणवली नव्हती. तशीच ट्यूब चढवली असती तर चार-पाच किलोमीटरवर, पूर्ण अंधारात, पुन्हा चाक उतरवावे लागले असते. दुसरा काटा टायरच्या नक्षीत तुटून रुतला होता. तो चिमट्याने उपसावा लागला. पाणी घमेल्यातून परत त्याच हौदात अलगद सोडले.

सहाला दहा मिनिटे असताना तिघांनी पच्चक्खाण घेतले. चाक बसले तेव्हा पश्चिमेकडे नुसती लाली उरली होती. अंधारात पांदणीने जायचे नाही, या नियमाप्रमाणे उरलेली मातीची वाट सोडून, सर्वांत जवळच्या डांबरी रस्त्यापर्यंत गाड्या पायी ढकलत नेल्या आणि तेथून रांगेने, तीसच्या वेगाने लोणार गाठले. शेतकऱ्याने पैसे घेतले नाहीत. त्याच्या बैलगाडीला रबरी टायर होते आणि त्यांनाही याच काट्यांचा जाच होता. म्हणून आमच्याजवळचा पॅचचा डबा, सोल्यूशनची न उघडलेली नळी आणि एक हातपंप त्याच्याकडे ठेवला. हे मात्र त्याने आनंदाने घेतले.

लोणार

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवराच्या काठावर उभे राहिलो. अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगातील भूशास्त्रज्ञांना खुणावते. पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. विवराच्या उतारावरही वेडी बाभूळ पसरली होती. ती काढून स्थानिक झाडांना जागा करून देण्याचे काम तेथे हाती घेतले गेले. ज्या झाडाने आदल्या दिवशी वाट अडवली, ते या प्राचीन विवरालाही भारी पडत होते, हे पाहून आमच्यातील धाकट्यांना पांदणीतील काट्याकडे निराळ्या नजरेने पाहता आले.

मंडळाचे नियम

अशा फेरीला निघणाऱ्या तरुणांसाठी आमच्या मंडळाचे नियम थोडक्यात देतो. प्रत्येक गाडीबरोबर तिच्या मापाची एक जादा ट्यूब असावी. पुढचे आणि मागचे चाक वेगळ्या मापाचे असल्यास निदान पुढची ट्यूब ठेवावी, कारण अडचणीच्या वेळी ती मागच्या चाकातही तात्पुरती चालून जाते. टॉमी, पाने, चिमटा, पंप आणि पॅचचा संच हे साहित्य दोन गाड्यांत विभागून ठेवावे. एकच गाडी मागे राहिली तर सारे तिच्याबरोबर अडकू नये. सर्वांत अनुभवी चालकाने शेवटी राहावे. प्रत्येकाने आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवावे. मागचा दिसेनासा झाला की थांबावे. असे केले की मोबाइलला रेंज नसली तरी पूर्ण रांग आपोआप थांबते. जेवण आणि उकळलेले पाणी मुक्कामाच्या भरवशावर न ठेवता सोबत न्यावे. आणि निघण्यापूर्वी घराच्या अंगणात एकदा तरी स्वतःच्या हाताने चाक उतरवून पुन्हा बसवून पाहावे.

हा शेवटचा नियम घरातील वडीलधाऱ्यांनी कसोटी म्हणून वापरण्यास हरकत नाही. ज्याला अंगणात चाक बसवता येते, त्याला पांदणीत जाऊ द्यावे. पुढील फेरी माघात, तुरीची कापणी आटोपल्यावर, सातपुड्याच्या पायथ्याने जळगाव जामोद ते संग्रामपूर अशी ठरली आहे. यावेळी साहित्यात पॅचचे दोन डबे जास्त आहेत.